एकट्या चपला

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, ड आणि ढ हात वळेल तसे पडतात, आणि अक्षर इतकं वाकडं की आठ दिवसांनी माझं मलाच वाचता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पोरीच्या दहावीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. कुणाला दाखवायची नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर त्यानं अक्षराबद्दल माफ करावं. ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांच्याबद्दल मात्र काही चुकीचं लिहिणार नाही.

त्या आमच्या मुकादम होत्या. नांदेडला रस्ते झाडायच्या कामावर मी लागले, तेव्हापासून त्या रिटायर होईपर्यंत नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. मुकादम बहुतेक पुरुषच असतात. बाई नवऱ्याच्या जागेवर लागल्या होत्या आणि झाडता झाडता मुकादम झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. हजेरीच्या कागदावर अंगठा द्यायच्या आणि कोणत्या बाईच्या घरी कोण आजारी आहे, कोणत्या गल्लीत नाली तुंबली आहे, सगळं डोक्यात ठेवायच्या.

त्यांना पहिल्यांदा बघणारा माणूस आधी त्यांच्या पायांकडे बघायचा. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. एक टाचेला झिजलेली, दुसरी नवी कोरी. कुणी हसलं की म्हणायच्या, "दोन्ही पायांनी कधी तक्रार केली न्हाई, तुला कामून त्रास होऊन राहिला?"

या चपला रस्त्यावरच्या होत्या. आमच्या पट्ट्यात मोठा चौक येतो आणि कुठलाही मोर्चा निघाला की त्या चौकातूनच पुढे कचेरीकडे जातो. मोर्चा गेला की आम्ही बारा जणी खराटे घेऊन उतरायचो. पाण्याच्या बाटल्या, पत्रावळ्या, कागद, झेंड्यांच्या काड्या आणि चपला. सगळ्यांत जास्त चपला. आधीच्या मुकादमाच्या वेळी त्या कचऱ्यात जायच्या. बाई मात्र रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओरडायच्या.

"ए, चपलेला हात लावायचा न्हाई! आधी मला बघू द्या."

"बाई, ऊन चढून राहिलं. उचलतो अन् मग मोजतो की."

"उचलल्यावर काय मोजतीस, तुझं कपाळ? कुठं पडली व्हती ते चप्पल सांगती का उचलल्यावर?"

मग त्या एकेक चप्पल बघत चौकभर फिरायच्या आणि मी त्यांच्या मागे वही घेऊन. बारा जणींत लिहिता येणारी मी एकटीच होते. त्यामुळे त्या मला मास्तरीण म्हणायच्या. मी कुणाशी बोलायची नाही, पदर तोंडाशी धरूनच असायची. बाकीच्या बाया मला मुकी म्हणायच्या. बाई म्हणायच्या, "मुकी कशाची? ती हातानं बोलती."

"लिव्ह मास्तरीण. लिंबाखाली जोड्या चार. त्या सोड, ती माणसं बसली व्हती, निवांत काढून ठेवल्या अन् इसरली. बँकेच्या कोपऱ्याला एकट्या नऊ. एकटी असली की ती गर्दीनं काढून घेतलेली असती. माणसाला वाकून उचलायला जागा न्हवती, असं समजायचं."

मी नऊ लिहायची.

"अन् गिरणीच्या बोळीच्या तोंडाला..." असं म्हणत त्या पुढे व्हायच्या. तिथे दर वेळी चपलांचा ढीग असायचा. एकदा चाळीसच्या वर निघाल्या. सगळ्या एकट्या. त्यात लहान मुलाची एक होती, टिचभर, तिला शिट्टी होती. बाईंनी ती उचलून दाबली. शिट्टी वाजली. त्यांनी ती कमरेच्या पिशवीत घातली.

चपला धुऊन हजेरीच्या शेडच्या भिंतीशी मांडून ठेवायची त्यांची पद्धत होती. महिनाभर कुणी न्यायला आलं नाही तर गरजूंना द्यायच्या. उरलेल्यांतून स्वतःला दोन.

चौकाची रचना सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठा रस्ता चौकात येतो तोपर्यंत रुंद आहे. चौक ओलांडला की बँकेपाशी तो निम्मा होतो. डाव्या हाताला पिठाची गिरणी आणि तिच्या बाजूने एक बोळ, ती मागच्या मोठ्या रस्त्याला निघते. पुढची माणसं कचेरीपाशी थांबली आणि मागची येतच राहिली, तर मधल्यांना निघायला तेवढी एकच वाट. पण मोर्चाच्या दिवशी पोलीस मांडववाल्याकडून बांबू बांधून नेमकी तीच बंद करायचे. मोर्चा फुटू नये, एकसंध दिसावा म्हणून.

बाई कधीच विचारायच्या नाहीत की मोर्चा कशाचा आहे. आमच्यातल्या एकीचा भाऊ मोर्चात होता, ती कौतुकाने सांगायला लागली तर बाईंनी तिला थांबवलं. "कशाचा हाय ते मला नको सांगू. किती वाजता हाय, कुठून निघून राहिला अन् बाया-लेकरं किती, तेवढं सांग. मागणी ज्याची त्याला खरी. पाय समद्यांचे सारखेच."

खराटा हे त्यांचं मोजमाप होतं. दांड्यासकट खराटा आडवा धरायच्या. "ही दोन खराट्यांची गल्ली. ही दीड." त्याहून मोठं माप म्हशीचं. गल्लीत म्हैस वळते का, एवढंच बघायचं. म्हैस वळली तर गर्दीही वळेल. म्हशीला मागे मागे यावं लागलं तर तिथे माणसाला आत घालायचं नाही. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी नवरा-नवरीकडे नंतर बघायच्या, आधी मांडवाला मागून दार आहे का ते बघायच्या. नसेल तर जेवायला बाहेर बसायच्या.

एकदा मला घेऊन लातूरला गेल्या. त्यांचं माहेर रेणापूरकडचं आणि मुलगी लातूरला दिलेली. मुलीने पुरणपोळीचा बेत केला होता. आम्ही बसमधून उतरलो आणि बाई घरी जायच्या ऐवजी गंजगोलाईत गेल्या. मधल्या गोल बाजाराभोवती एक चक्कर मारली, मला म्हणाल्या मोज. मी रस्ते मोजले. पंधरा आले.

"सोळा हायत. पुन्हा फीर."

भर उन्हात दुसरी चक्कर. सोळा आले. बाई एका बांगडीवाल्याच्या पायरीवर बसल्या, चेहऱ्यावर असं समाधान की जणू देवदर्शन झालं.

"सोळा वाटा," म्हणाल्या. "ज्यानं आखलं त्यानं माणसाचा इचार केला. कुठूनबी ये, कुठूनबी जा. आपल्या चौकाला तीन वाटा, अन् त्यातली एक आपण आपल्या हातानं बंद करून राहिलो."

बांगडीवाला म्हणाला, "मावशी, बांगड्या दाखवू का?"

"बांगड्या नको रे बाबा. तुझी हातगाडी हाय का? असली तर रस्त्याच्या तोंडाला लावत जाऊ नको."

घरी पोचलो तेव्हा पोळ्या थंड झाल्या होत्या आणि मुलीचा पारा चढला होता. "आई, तू माझ्याकडं आली का रस्त्याकडं?" बाईंनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "तुझ्या घराला मागून दार हाय ना गं?"

पोलीस चौकीतल्या साहेबांकडे त्या दर मोर्चाआधी जायच्या. मी मागे, दाराच्या आड. साहेब माणूस चांगला होता, पण हसायचा. "काय मुकादमबाई, आज कुणाची चप्पल हरवली?" बाई त्यांना आकडे सांगायच्या. बँकेपाशी नऊ, बोळीपाशी चाळीस. "ती बोळ मोकळी ठेवा साहेब. एक दिवस तिथं चपला न्हाई, माणसं सापडतील." साहेब म्हणायचे बघू. बघू म्हणजे नाही, हे आम्हाला कळायचं.

मग एक फार मोठा मोर्चा ठरला. तालुक्या-तालुक्यांतून गाड्या येणार होत्या, हदगावकडून माझ्या माहेरची माणसंही येणार होती. या वेळी साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मुकादमबाई, तुमचं म्हणणं लेखी द्या. मी मांडववाल्याला तसं करायला सांगतो."

शेडमध्ये येऊन बाईंनी मला लिहायला बसवलं. गिरणीच्या बोळीच्या तोंडचे बांबू काढा. चौकातल्या दवाखान्याच्या दारापुढचे राहू द्या. बाकी त्यांच्या पद्धतीने चपलांचे आकडे. खाली त्यांनी अंगठा दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसासाठी काही लिहिलं होतं. रात्री नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

मोर्चाच्या दिवशी पहाटे झाडायला गेलो तर बोळीचं तोंड बंद. नुसते बांधलेले बांबू नव्हेत. हातभर खोल खड्डे घेऊन चार बांबू रोवलेले आणि त्यांना आडवे पत्रे ठोकलेले. अशी पक्की भिंत याआधी कधीच केली नव्हती.

बाई तशाच चौकीत गेल्या. साहेब आले होते.

"साहेब, काढा म्हणलं व्हतं."

साहेबांनी फायलीतून माझा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "हे काय लिहिलंय? बोळीच्या तोंडचे बांबू गाडा. एरवी तुम्ही मोकळी ठेवा म्हणायच्या; या वेळी वाटलं, मागच्या वेळी नुसते बांधलेले बांबू गर्दीनं पडले असतील, म्हणून तुम्ही गाडा म्हणताय. मांडववाल्याकडून पक्के गाडून घेतले."

मी दाराआडून बघितलं. मी ढ च्या जागी ड काढला होता. आणि माझ्या क चं पोट उघडं राहून तो ग झाला होता. माझं लिहिणं कुणीतरी पहिल्यांदा वाचलं, मनावर घेतलं, आणि ते हे. बोळीच्या तोंडाशी माणसं पडतील, आणि ती माझ्या हाताने पडतील, एवढंच डोक्यात.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. "कुणी लिहिलंय हे?"

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "खाली अंगठा कुणाचा हाय? माझा. तर मीच लिहिलं."

"आता ऐन वेळी काही बदलता येणार नाही. मांडववाला गेला, वरून बंदोबस्त ठरलाय."

"बरं," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. वाटेत मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मोर्चा येईपर्यंत आमचं झाडणं संपतं आणि आम्ही घरी जातो. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "ज्यांना जायचं त्यांनी जा. मी बोळीत बसून राहते." कुणीच गेलं नाही. त्यांनी आम्हाला मागच्या रस्त्याने बोळीत नेलं आणि बोळ झाडायला लावली. मोटारसायकली हलवल्या. नालीवरचं एक फरशीचं झाकण हलत होतं, त्याखाली दगड सारला. गिरणीवाल्याकडून पहार आणली आणि पत्र्यामागे दोरीला टांगून ठेवली. आताच मोडलं तर पोलीस पुन्हा गाडतील, असं बाई म्हणाल्या, म्हणून सगळ्या जणी सावलीत बसलो.

मोर्चा आला. घोषणांनी पत्रे थरथरत होते. एकीने विचारलं, "बाई, भ्या वाटून राहिलं. लई ओरडून राहिलेत."

"ओरडून राहिलेत तवर भ्यायचं न्हाई. छातीत हवा हाय म्हणून ओरडतेत. गप झाले की सांग."

दुपारी कधीतरी ते झालं. पुढे घोषणा चालूच होत्या, मागेही चालू होत्या. फक्त पत्र्यापलीकडे, आमच्या समोर, आवाज नाही. बाई उठल्या. पत्र्याच्या फटीतून मी बघितलं. माणसं छातीला छाती लावून उभी होती. एका बाईने लेकरू डोक्याच्या वर धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता.

"पत्रे आधी काढा, आतल्या बाजूला ओढा," बाई म्हणाल्या. "बांबू कापायचा न्हाई, उपटायचा. खुंट राहिला तर पाय अडकून पडतील."

आम्ही बारा जणी आणि त्या. पहारीने खिळे उचकटले. पत्रे वाकले, हात कापले. दोन बांबू हलवून हलवून उपटले. उरलेले दोन पक्के बसले होते, मोडले पण मुळातून निघाले नाहीत. त्यांचे कमरेएवढे खुंट उभे राहिले. लोक आत यायला लागलेच होते.

"मास्तरीण, त्या खुंटाला मिठी मार. हलू नको. माणूस दिसला की लोकं वळतेत, खुंट दिसत न्हाई." दुसऱ्या खुंटाला त्यांनी स्वतः मिठी मारली. बाकीच्यांना बोळीच्या दोन्ही कडांना खराटे आडवे धरून उभं केलं. मग मला म्हणाल्या, "आता वरड."

"मी?"

"मग कोण? माझा आवाज बसलाय. वरड, पुढं मोकळं हाय म्हण!"

मी ओरडले. तोंडावरचा पदर केव्हा पडला कळलं नाही. "हळू या! ढकलू नका! पुढं मोकळं हाय, बोळ मोकळी हाय!" ओरडत राहिले. माझ्या दोन्ही अंगांनी माणसं जात होती, घामाने भिजलेली, काही रडत होती. एका म्हाताऱ्याने जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. लेकरू डोक्यावर धरलेली बाई गेली. ते लेकरू रडत होतं. त्या दिवशी ऐकलेला सगळ्यांत चांगला आवाज तो.

किती वेळ गेला माहीत नाही. गर्दी सैल झाली. खुंटावरून हात सोडवले तर बोटं उघडेनात.

संध्याकाळी बाईंनी चपला मोजल्या. बोळीच्या तोंडाला सहा एकट्या. दवाखान्यात पाच-सहा जणांना पाणी पाजून सोडलं होतं. पडलेलं, तुडवलेलं कुणीही नाही. साहेब आले, वाकलेल्या पत्र्यांकडे बघत उभे राहिले. ओरडतील असं वाटलं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि विचारलं, "मुकादमबाई, सहा म्हणजे चांगलं ना?"

"सहा म्हंजे लई चांगलं साहेब."

त्यानंतर प्रत्येक मोर्चाआधी साहेब शेडमध्ये यायचे. खुर्ची नव्हती, उकिडवे बसायचे, आणि बाई खराट्याच्या काडीने मातीत चौक काढून दाखवायच्या. गिरणीची बोळ पुन्हा कधी बंद झाली नाही. साहेब जाताना मला म्हणायचे, "ताई, तुम्ही सांगा, लिहू नका." सगळ्या हसायच्या. मीही हसायची.

पण त्या मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी मांडववाला आला होता. त्याचे पत्रे वाया गेले होते, बांबू मोडले होते. मोर्चावाले म्हणाले आम्ही मोडलं नाही, कचेरी म्हणाली आमच्याकडे तशी तरतूद नाही. तो गरीबच माणूस, भाड्याने सामान देऊन पोट भरणारा. साडेसहा हजार सांगितले.

बाई म्हणाल्या, "मी मोडलं, मी देते. महिन्याला पाचशे. मी रिटायर व्हायच्या आत फेडते, उधारी ठेवून नांदेड सोडायची न्हाई."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. म्हटलं, चूक माझी, पैसे माझे. त्या म्हणाल्या, अंगठा माझा. मी म्हटलं, अंगठा तुमचा तर अक्षर माझं, निम्मे निम्मे. सगळ्या बाया बघत राहिल्या, मुकी भांडते आहे म्हणून. शेवटी बाई म्हणाल्या, "हाव, निम्मे. पण आता वरडू नको, मोर्चा संपलाय."

दर महिन्याला दोघींचे अडीचशे-अडीचशे. कधी खाडा केला नाही. मुलीच्या बाळंतपणाच्या महिन्यातसुद्धा बाईंनी आधी ते दिले.

शेवटचा हप्ता त्यांच्या शेवटच्या हजेरीच्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडे लातूरला जाणार होत्या. आम्ही दोघी मांडववाल्याच्या गोदामात गेलो. तो चहा सांगायला लागला. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला.

"राहू द्या मावशी. एवढा शेवटचा हप्ता माझ्याकडून माफ. त्या दिवशी तुम्ही केलं ते सगळ्या गावानं बघितलं."

बाईंचा आवाज चढला. "माफ? माफ कशाचं? मी काय तुझी चोरी केली? माफ तर चुकीला करतेत. मी चूक केली न्हाई, तुझं सामान मोडलं. त्याची किंमत पुरी घे, म्हंजे ते सामान माझं झालं, अन् माझं सामान मी मोडलं. मग मला कुणी काही म्हणायचं कारण न्हाई."

"मावशी, तुम्हाला कोण काय म्हणून राहिलंय?"

"कुणी म्हणत न्हाई. पण मला शेवटपर्यंत ताठ चालायचंय. घे."

तो माझ्याकडे बघायला लागला, मी काही तरी सांगेन म्हणून. मी म्हटलं, "घ्या भाऊ. त्यांचं खरं हाय."

त्याने नोटा घेतल्या. मोजल्या नाहीत, तर बाईंनी मोजायला लावल्या. पाचशे भरले. त्याने वही काढली, आमच्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "झालं मावशी. साडेसहा हजार पुरे आले. आता तुमचं माझं काही राहिलं न्हाई."